मोजून सात पत्ते

४ फेब्रुवारी

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. ही वही इथेच, टेबलाच्या खणात, कुलपात राहील. लपवण्यासारखं काही आहे असं नाही. पण घरात वही दिसली की दादा मोठ्याने वाचून दाखवतो, आणि त्याच्या तोंडून माझी वाक्यं मलाच मूर्ख वाटायला लागतात.

काल घरात नवा राउटर आला. सोबत दोन कॅमेरे. एक बाहेरच्या दारावर, एक स्वयंपाकघरात. जिन्यात चोऱ्या वाढल्यात, असं दादाचं म्हणणं. स्वयंपाकघरातून चोर काय नेणार, असं मी विचारलं, तर म्हणाला, "मास्तरीण, तू वायरी जोड."

मी कुणाला शिकवत नाही, इंटरनेट कंपनीत तक्रारींचे फोन घेते. पण आमच्या घरात शाळा पुरी केलेली मीच पहिली. दादा चौथीतून उठून वेल्डिंगच्या दुकानात गेला, ठिणग्या अंगावर घेतल्या आणि मला शिकवलं. त्यामुळे त्याने मास्तरीण म्हटलं की मला बरंही वाटतं आणि आपण काहीतरी चुकणार आहोत असंही वाटतं.

मी त्याला समजावलं की घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक नंबर देतो. त्याला पत्ता म्हणायचं. पत्ता नाही तर नेट नाही. हे वाटपाचं काम डीएचसीपी करतं.

"किती पत्ते वाटतं?" दादाने विचारलं.

"शेकड्याने. आपण ठरवू तितके."

"मग मोजून ठेव. घरात जेवढी यंत्रं तेवढेच. आगंतुकाला आपल्याकडे ताट नाही."

दादाचा फोन, आईचा फोन, माझा फोन, माझा लॅपटॉप, टीव्ही आणि दोन कॅमेरे. सात. वहिनीला फोन नाही. तिचा फोन दादाने गेल्या महिन्यात हातोड्याने फोडला. खरं तर हातोडा त्याने तिच्या बोटांवर उगारला होता, तिने हात ओढून घेतला आणि खाली फोन होता. हे लिहायला नको होतं, पण अर्धवट लिहिणं मला जमत नाही.

मग अकरापासून सतरापर्यंत सात पत्ते ठेवले. कोर्समध्ये शिकवलं होतं की थोडे जास्तीचे राखावेत. दादासमोर ते बोलायचा धीर झाला नाही. दिलेला पत्ता किती वेळ राखून ठेवायचा, तेही ठरवावं लागतं. मी एक तास ठेवला. यंत्र घराबाहेर गेलं की तासाभरात त्याचा पत्ता मोकळा. थोडक्यात भागवायचं तर असंच हवं, असं मला वाटलं.

मग डीएनएस. आपण नाव टाकतो, डीएनएस त्या नावाचा पत्ता शोधून देतं. नाव अडवलं की पान उघडत नाही. दादाने नावं सांगितली, मी अडवली. व्हिडिओवर बोलण्याची दोन, नोकऱ्यांची तीन, आणि बायकांना मदत करणारी एक संस्था आहे, ती. ही शेवटची कशाला, असं माझ्या मनात आलं होतं. दादाला घराची काळजी आहे, असं मी मलाच सांगितलं.

वहिनी टॉर्च धरून उभी होती. "पासवर्ड काय ठेवलास गं?" तिने सहज विचारलं. मी सहज सांगितला. मग म्हणाली, "आणि कॅमेऱ्यात मोरी दिसते का?" मी म्हटलं, नाही, ओट्यापर्यंतच. तिने मान हलवली. लाजाळू आहे बिचारी.

९ फेब्रुवारी

परवा संध्याकाळी दादाच्या फोनला नेट मिळेना. "पत्ता मिळवत आहे" असं यायचं आणि नुसतं गोल फिरायचं. राउटर बंद करून चालू केला, लागलं. काल पुन्हा तेच.

"तुझ्या शिक्षणाचं काय लोणचं घालू?" दादा म्हणाला. वहिनी जेवण वाढत होती. ती म्हणाली, "टीव्ही तर चालतोय ना?" एवढंच. दादाचा हात उठला.

हे वाक्य पुन्हा वाचलं. हात आपोआप उठत नाही. दादाने वहिनीचे केस धरले आणि तिचं कपाळ टीव्हीच्या कडेवर आपटलं. दोनदा. दुसऱ्यांदा ती काहीच बोलली नव्हती. काच तडकली, आणि काच तडकली म्हणून त्याने तिच्या पाठीत लाथ घातली.

आई म्हणाली, "तोंड कमी चालव म्हणजे मार कमी खाशील." अगदी मोठ्याने, दादाला ऐकू जाईल असं. मला आईचा राग आला. मग तिने बर्फ फडक्यात बांधून माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, "जा, टेक तिच्या कपाळाला. माझ्याच्याने वाकवत नाही."

चूक माझीच असणार. सात यंत्रं, सात पत्ते, तरी दादाच उपाशी. माझ्या हिशेबात काय चुकलं?

११ फेब्रुवारी

काल सीनियर मॅडमना विचारलं. आमच्या घरचं आहे असं म्हटलं नाही, एका ग्राहकाचं म्हटलं. हे खोटंच झालं.

त्या डबा खाताखाता म्हणाल्या, "सोपं आहे. सात ताटांच्या घरात आठवं कुणीतरी जेवतंय. नवरा कामावर गेला की त्याचं ताट रिकामं होतं, आठवा बसतो. नवरा परत आला की जागा नाही."

मी म्हटलं, "नवरा असं नाही म्हटलं मी, मॅडम."

"अगं, ग्राहक म्हण," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

घरी गेल्यावर राउटरचं पान उघडलं. खरंच. दादाच्या जागी एक अनोळखी यंत्र. मॉडेलचं नाव ओळखीचं निघालं. आईचा जुना फोन, जो गेल्या वर्षी बाजारात हरवला, तोच. म्हणजे चोर इथेच आसपास आहे, आणि आमचाच फोन आमच्याच नेटवर चालवतोय!

आईला सांगितलं. वाटलं, खूश होईल. ती भाजी चिरत होती, तिच्या हातातली सुरी थांबली. "तो कधीच भंगारात गेला असेल. तुला कुणी सांगितलं नसतं डोकं चालवायला?" हरवल्याची लाज वाटते तिला अजून.

चोर कोण, हा विचार डोक्यातून जाईना. समोरच्या दारात चष्मेवाला राहतो, एकटा, खाली त्याचं दुकान आहे. मागच्या आठवड्यात जिन्यात म्हणाला होता, "नवं नेट घेतलंत वाटतं? दिवा लुकलुकताना दिसतो." दिवा बघणारा माणूस पासवर्डही बघू शकतो, राउटर दाराजवळच आहे. पण हा पुरावा नव्हे. नुसत्या संशयावर कुणाचं नाव घ्यावं का? आणि माहीत असून सख्ख्या भावापासून लपवावं का? खूप विचार केला. शेवटी दादाला सांगितलं, आणि "ही फक्त शक्यता आहे" असं तीनदा म्हटलं.

१३ फेब्रुवारी

काल रजा टाकली. आज लिहून घेते.

दादाने शक्यता हा शब्द ऐकलाच नव्हता. काल सकाळी चष्मेवाला दुकान उघडायला निघाला आणि दादाने त्याला जिन्यातच गाठलं.

"फोन काढ."

"कसला फोन, भाऊ?"

दादाने पहिली थप्पड चष्म्यावरच मारली. मग कॉलर धरून त्याला भिंतीवर दाबलं आणि पोटात गुडघा घातला, पुन्हा पुन्हा. दुकानात लोखंड ठोकताना त्याचा श्वास जसा येतो, तसा येत होता. चष्मेवाला म्हणत होता, "विचारा ना, नीट विचारा ना." दादाने त्याला ढकललं. तो वळणापर्यंत गडगडत गेला आणि खाली त्याची बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. सुकी काटकी मोडावी तसा. मी वर उभी होते. मी म्हणत होते, "दादा, शक्यता, शक्यता." देवाशपथ, हेच म्हणत होते.

दादाने त्याचे खिसे उलटे केले. फोन नव्हता. "घरात ठेवला असणार," असं म्हणून हात झटकत कामावर गेला.

वहिनी दाराच्या आड उभी होती, पदर तोंडात कोंबून. मला वाटलं ती घाबरली आहे. पण ती रडत होती, आणि सारखी आईकडे बघत होती. आई काही न बोलता बादली घेऊन गेली आणि जिन्यातलं रक्त पुसायला बसली. जिचे गुडघे वाकत नाहीत ती प्रत्येक पायरीवर बसून पुसत होती. "मी करते," म्हटलं, तर माझा हात इतक्या जोरात झिडकारला की नख लागलं.

चष्मेवाल्याने दवाखान्यात जिन्यावरून पडलो असं सांगितलं म्हणे.

१५ फेब्रुवारी

काल कामावरून आल्याआल्या दादाने फर्मान काढलं. कुलूप लाव. मी प्रत्येक पत्ता त्या त्या यंत्राच्या नावावर बांधून टाकला. आता दादाचा पत्ता दादाच्याच फोनला मिळणार, दादा असो वा नसो. आठव्याला काही नाही.

"शाब्बास," दादा म्हणाला आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. नेट मस्त चालतंय. मला बरं वाटायला हवं होतं.

आज सकाळी वहिनीने विचारलं, "नेट बंद आहे का गं?" मी म्हटलं, "नाही, का?" ती म्हणाली, "नाही, असंच. टीव्ही बघत होते." टीव्हीची काच तडकल्यापासून टीव्ही बंदच आहे. विसरली असेल. हल्ली ती फार विसरते. दूध उतू घालवते.

१८ फेब्रुवारी

आज सकाळी चष्मेवाल्याची माफी मागायला गेले. दादा दुकानावर होता, पण दारावर कॅमेरा आहे, म्हणून कचऱ्याचा डबा हातात घेऊन गेले. असं नाटक करताना स्वतःची किळस आली.

त्याने साखळी न काढताच दार उघडलं. एक डोळा काळानिळा, छातीला पट्टा.

"मी फक्त शक्यता म्हटलं होतं," मी म्हणाले.

"बाई, मला विचारलं असतंत तर दाखवला असता." त्याने फटीतून फोन दाखवला. बटणांचा. नेट नसलेला. "चष्मे विकतो मी. मलाच ते बारीक पडदे दिसत नाहीत." त्याला हसू आलं, लगेच बरगडी धरली. मग म्हणाला, "तुमच्या घरातला आवाज मला सगळा ऐकू येतो. कान चांगले आहेत माझे. माझं सोडा. तिकडे बघा."

मी डबा घेऊन तशीच परत आले. मग तो फोन कुणाकडे आहे? वरच्या मजल्यावर कुणी असेल का?

१९ फेब्रुवारी

वहिनी.

काल दुपारी उशिरा ती घराबाहेर पडली. दादाला न विचारता, चपला हातात घेऊन. कोपऱ्यावरच्या कपड्याच्या दुकानात गेली. हे मला आज तिनेच सांगितलं. काल एवढंच कळलं की दादाने वेल्डिंगच्या दुकानात बसून फोनवर कॅमेरा बघितला, त्यात ती जाताना दिसली, आणि तो गाडी घेऊन आला.

मी ऑफिसातून पोचले तेव्हा सुरू होतं. त्याच्या हातात सळई होती, खिडकीच्या गजांची उरलेली. "कुणाकडे गेली होतीस? बोल. कुणाकडे?" प्रत्येक प्रश्नाला एक. ती भांड्यांच्या कोपऱ्यात मुटकुळं करून पडली होती आणि सळई भांड्यांवरही बसत होती, त्यामुळे आवाज खूप होता. खांद्यावर बसली तेव्हा आवाज वेगळा आला. तिचा हात एकदम लोंबला, जणू तिचा नव्हताच. मग त्याने तिच्या पोटावर पाय दिला आणि तोल सांभाळायला ओट्याला धरलं. वर कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. मी बसवलेला. नीट सरळ, कुठेही न हलणारा.

मी मध्ये पडले नाही. पडायला हवं होतं. दाराची चौकट धरून उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की मी मोजते आहे. मोजून कुणाचं काय भलं होणार होतं?

आई मध्ये पडली. "मला मार, मेल्या! मला मार!" त्याने तिला एका हाताने बाजूला सारलं, खुर्ची सारावी तशी. मग त्याला दम लागला आणि तो थांबला. त्याला दया आली नव्हती, हे मी स्पष्ट लिहिते. दम लागला.

२० फेब्रुवारी

वहिनीचा खांदा निखळला होता. दादानेच तो ओढून बसवला, दवाखान्यात न्यायचं नाही म्हणून. त्या वेळी ती ओरडली ते समोर नक्की ऐकू गेलं असणार.

आज सकाळी मी मोरीत तिच्या पाठीला मलम लावत होते. तिथे कॅमेरा पोचत नाही. पाठ बघवत नव्हती. वहिनी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तो आठवा मीच गं."

माझ्या हातातून मलमाची डबी पडली.

"आईंचा जुना फोन," ती म्हणाली. "मला... सापडला. कपाटामागे."

"मग परत का नाही दिलास?" मी असं विचारलं! खरंच विचारलं. वहिनी वळून माझ्याकडे बघत राहिली आणि एवढ्या मारानंतर पहिल्यांदाच हसली. "देईन हो, मास्तरीणबाई."

मग सगळं कळलं. त्या फोनमध्ये कार्ड नाही, फक्त वायफायवर चालतो. वहिनी रोज दुपारी मोरीत बसून त्या संस्थेतल्या एका ताईंना लिहीत होती. राहायला जागा मिळणार होती. दिवस कळवणार होत्या. तेवढ्यात मी कुलूप लावलं, म्हणून ती कपड्याच्या दुकानातलं फुकट नेट गाठायला गेली.

"त्याआधी त्यांचं पान तर उघडतच नव्हतं," वहिनी म्हणाली. "मला वाटलं, त्यांनी कामच बंद केलं. मग एका मैत्रिणीकडून नंबर मिळवला."

"ते मी अडवलं होतं."

"तू?"

"दादाने सांगितलं म्हणून."

तिने परत भिंतीकडे तोंड केलं. नळ ठिबकत होता. मग म्हणाली, "पुढच्या वेळी तो मला मारून टाकील. तुला वाटतं का, नाही टाकणार?"

मला नेहमी दोन्ही बाजू दिसतात. या प्रश्नाला एकच बाजू होती. मी म्हटलं, "टाकील."

"मग मला एक पत्ता दे."

२१ फेब्रुवारी

दिला. काल रात्री लॅपटॉपचा पत्ता काढून तिच्या फोनच्या नावावर बांधला. अडवलेली नावं सगळी मोकळी केली. दादा शेजारच्या खोलीत घोरत पडला होता. एकेक कळ दाबताना वाटत होतं, आता घोरणं थांबेल. ज्याने मला शिकवलं त्याच्याच विरुद्ध ते शिक्षण वापरते आहे, हा विचार सुटत नाही. वहिनीची पाठ डोळ्यांपुढे आणते, मग सुटतो.

वहिनीला उत्तर आलं. सोमवारी सकाळी, दादा दुकानावर गेला की. गाडी कोपऱ्यावर येईल. कॅमेऱ्यांचं मी बघते म्हटलं.

आईला यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं. हे मीच सुचवलं. आईच्या पोटात काही राहत नाही. वहिनी खाली बघत म्हणाली, "हो, आईंना नकोच सांगू."

२४ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिस. लिहिलं नाही तर वेड लागेल.

सकाळी आईने घोळ घातला. बरोबर आजच तिचा गुडघा धरला! "मला दवाखान्यात ने. आत्ता. तूच ने, रिक्षात माझी हाडं खिळखिळी होतात." दादा वैतागला, मी तर मनातून आईवर इतकी चिडले की काय सांगू. दादा दुकानावर ठरल्या वेळी गेला असता. आता तो दवाखान्यात बसणार, काम नसताना, हातात फोन घेऊन. कॅमेरा बघत बसायला मोकळा! आई मात्र साडी बदलायलाच किती वेळ लावत होती. जाताना वहिनीला म्हणाली, "गॅस नीट बंद कर. मागचं काही बघत बसू नकोस." आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आजारी माणूस हळवं होतं.

ते गेल्यावर मी दोन्ही कॅमेऱ्यांचे पत्ते काढून घेतले, राउटर बंद-चालू केला आणि ऑफिसला आले.

थोड्या वेळाने दादाचा फोन आला. मागे दवाखान्यातली गडबड ऐकू येत होती.

"कॅमेरे का बंद आहेत?"

"दादा, कंपनीचंच नेट गेलंय आपल्या भागात. सकाळपासून तक्रारींचा पाऊस पडतोय. दुपारपर्यंत येईल."

माझा आवाज अगदी ऑफिसचा आला. मी त्याला "आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व" म्हणायचीच बाकी होते. मागून आई ओरडली, "अरे, त्या फोनमधून डोकं काढ, माझा नंबर कधी येतोय ते विचार!" पहिल्यांदाच आईच्या कटकटीचा उपयोग झाला.

मग एक मेसेज आला, अनोळखी नंबरवरून. "बसले."

मी बाथरूममध्ये जाऊन उलटी केली.

२६ फेब्रुवारी

डाव्या हाताने लिहिते आहे. मॅडमनी वही खणातून काढून आणून दिली. कुठे आहे ते लिहीत नाही.

सोमवारी संध्याकाळी मी घरी गेले. मॅडमना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, जायलाच हवं का? आई तिथे होती, म्हणून गेले.

दादा राउटर हातात घेऊन उभा होता. घरभर कपडे, वहिनीची पेटी फाडलेली. आई जमिनीवर बसलेली.

"मास्तरीण," तो अगदी शांतपणे म्हणाला, "कॅमेरे कशाने बंद होते?"

"सांगितलं ना. कंपनीचं नेट."

तो आईकडे वळला. "आणि तू मघाशी काय म्हणालीस?"

मी आईकडे बघितलं. आईने डोळे मिटले.

"झाडताना वायर माझ्याकडून निघाली, म्हणते ही," दादा म्हणाला. "एक म्हणते वायर, एक म्हणते कंपनी. दोघी मिळून मला वेडा करता?"

आईला कुठून सुचलं हे? वायर निघालीच नव्हती. तिला वाटलं असेल खरंच तिच्या हातून काही झालं, ती सगळ्या गोष्टींचा दोष स्वतःवर घेते. मी म्हटलं, "आईला काही माहीत नाही, मीच—"

आई किंचाळली, "गप्प बस! मीच काढली! मी, मी, मी!"

राउटर माझ्या तोंडावर आला. दोन दात गेले, ते मला गिळल्यासारखे वाटले. मग त्याने माझा उजवा हात दारात धरला. टाइप करायचा हात हाच ना, असं विचारलं, आणि मी हो म्हटलं, कारण विचारलं तर मी खरं सांगते. त्याने दार लावलं. एकदा पूर्ण लागलं नाही म्हणून पुन्हा. आई त्याच्या पाठीवर चढली, दातांनी त्याचा कान धरला. त्या म्हाताऱ्या बाईत ते कुठून आलं ठाऊक नाही. त्याने तिला अंगावरून ओट्यावर फेकलं. ती खाली पडली आणि तिचा हात कोपराच्या खाली नको तिथे वळला. हाड बाहेर आलं होतं.

मग दादा रडायला लागला. "बघा, काय करायला लावता मला," म्हणाला, आणि त्यानेच आम्हाला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वाटेत दोनदा बजावलं, जिन्यावरून पडलात. दोघी. एकमेकींना सावरताना.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्याच वयाच्या. दादा बाहेरच्या बाकावर होता, दार उघडंच होतं, त्याची चप्पल दिसत होती. त्यांनी कागद पुढे ओढला. "कशाने झालं?"

"जिन्यावरून पडलो," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी माझी बोटं बघितली, मग माझ्याकडे बघितलं. सकाळी मी एक खोटं बोलले होते आणि ते कामाला आलं होतं. दुसरंही सोपं होतं, तयारच होतं. तोंड सुजलं होतं, शब्द नीट निघत नव्हते, म्हणून मी हळू, सुटं सुटं बोलले. "भावाने मारलं. माझी बोटं दारात चिरडली. आईचा हात त्याने मोडला. मी सही करते. डाव्या हाताची चालेल का?"

मला वाटलं आई नाही म्हणेल. आई माझ्यावर ओरडेल. तिने चांगला हात टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आधी सुनेचं लिहा. तिला मारलंय तेही लिहा. ती आता त्याला सापडायची नाही, पण तिचं आधी लिहा."

आईला वहिनीची इतकी माया होती, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. आणि वहिनी सापडायची नाही असं ती इतक्या खात्रीने कशी म्हणाली, ते तिला हाताच्या ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर विचारणार होते, पण ती झोपलीच आहे.

बाहेरची चप्पल हलली. "किती वेळ, डॉक्टर?" दादाचा आवाज.

"होतंच आलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या उठल्या, दार लावून घेतलं, आतून कडी घातली, आणि परत येऊन टेबलावरचा फोन उचलला. दादा दारावर थाप मारायला लागला. आधी बोटांनी, मग मुठीने, मग खांद्याने. दार हादरत होतं. आईने माझा शर्ट धरून ठेवला होता. डॉक्टरीणबाई फोनवर पत्ता सांगत होत्या, सावकाश, एकेक शब्द, आणि पलीकडचं माणूस लिहून घेत होतं.